कीथ जॅरेटचा 'क्योल्न कॉन्सर्ट': ख्याल ऐकणाऱ्यांनी कसा ऐकावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

विश्रामबागेतल्या आपल्या बैठकीत पुढच्या वेळी अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची १९७५ ची, जर्मनीतल्या कोलोनची (जर्मन उच्चार क्योल्न) मैफल लावायचं ठरलंय. येणारी बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीतात मुरलेली. पियानो म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातल्या पार्टीत नायिकेकडे बघत नायक वाजवतो ते वाद्य, इतकीच ओळख. म्हणून तयारीसाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी पक्की माहिती. तारीख २४ जानेवारी १९७५, शुक्रवार. जागा कोलोनचं ऑपेरा हाउस. संध्याकाळी ऑपेराचा प्रयोग असल्यामुळे जॅझच्या वाट्याला रात्री साडेअकराची वेळ आली. त्या थिएटरात जॅझचा तो पहिलाच कार्यक्रम. आयोजक व्हेरा ब्रांडेस, वय फक्त १८. तिकीट ४ मार्क, चौदाशेच्या वर श्रोते, हाउसफुल्ल. जॅरेट २९ वर्षांचा, स्वित्झर्लंडहून मोटारीनं आलेला, झोप झालेली नाही, पाठदुखीमुळे कंबरेला पट्टा. त्यानं मागितला होता बोझेनडॉर्फर इम्पीरियल: २९० सेंटिमीटर लांब, नेहमीच्या ८८ ऐवजी ९७ पट्ट्या, जास्तीच्या ९ सगळ्या खर्जात. रंगमंचावर निघाला तो त्याच कंपनीचा एक छोटा, तालमीसाठी ठेवलेला पियानो. वरचे स्वर पातळ आणि कर्कश, खर्जात दम नाही, पेडलं धड चालत नाहीत. जॅरेट वाजवायला तयार नव्हता. ब्रांडेसनं गळ घातली, रेकॉर्डिंगची मांडामांड झालेलीच होती, शेवटी तो बसला.

एकट्यानं, एकही स्वर आधी न लिहिता, तासाभराच्या वर वाजवलं. ईसीएम कंपनीनं १९७५ च्या अखेरीस दोन एलपींचा संच काढला (क्रमांक १०६४/६५). ३५ लाखांच्या वर प्रती खपल्या. एकट्या पियानोची एवढी विकली गेलेली दुसरी रेकॉर्ड नाही.

चार तुकडे आहेत. पहिला भाग २६ मिनिटांचा, मग दुसऱ्याचे अ, ब, क असे साधारण १५, १८ आणि ७ मिनिटांचे. पहिले पाच स्वर मात्र कुणी बोलत असताना निसटू देऊ नका. पांढरी एकला (पियानोचा सी) सा धरला तर ते प रे सा प ध असे येतात. प्रेक्षकांना आत बोलावणारी त्या ऑपेरा हाउसची घंटा याच चालीची होती. भावे नाट्यमंदिरात तिसऱ्या घंटेचाच सूर पकडून ऑर्गनवाल्यानं नांदी सुरू करावी, असला प्रकार. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीलाच प्रेक्षकांत हलकं हसू ऐकू येतं, ते त्यामुळे.

पांढरी_सहा

उत्तम धागा. पेटी येणाऱ्यांसाठी थोडं नेमकं सांगतो.

पहिल्या भागात जवळजवळ १२ मिनिटं तो दोन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) खेळतो: ए मायनर सेव्हन आणि जी मेजर. पांढरी सहाला (ए) सा धरा. पहिली कॉर्ड म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी. दुसरी म्हणजे कोमल नी, रे, म. दोन्ही मिळून सहा स्वर झाले. राहिला ध, आणि तो दोन्ही कॉर्डमध्ये नाही. म्हणजे ध शुद्ध घेतला तर काफी थाट, कोमल घेतला तर आसावरी, आणि डाव्या हाताची दोन्हीला हरकत नाही. एवढा वेळ दोन कॉर्डवर काढूनही कंटाळा येत नाही, याचं एक कारण या मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे.

त्याच भागाची शेवटची ६ मिनिटं ए मेजरमध्ये आहेत. सा तोच, पांढरी सहा. बदलतो तो ग. इतका वेळ कोमल ऐकलेला ग शुद्ध होतो आणि खोलीतला उजेडच बदलतो. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ही जागा सांगावी लागणार नाही, तरी घड्याळ बघून विसाव्या मिनिटाच्या सुमाराला कान टवकारा.

दुसरा अ सुरू होतो पांढरी दोनवर, डी मेजर, साधारण ८ मिनिटं डाव्या हाताचा एकच आवर्ती तुकडा. दुसरा ब काळी तीनवर, एफ शार्प मायनर, पहिली ६ मिनिटं तशीच बांधलेली. म्हणजे तीन भागांत तीन वेगळे सा. तानपुरा लावून ऐकायची हौस कुणाला आली तर आधीच आवरा.

लेहरा

तबल्याच्या बाजूनं एक मुद्दा. डाव्या हाताचं काम म्हणजे आपला लेहरा. एकल तबल्याला पेटीवाला तोच तुकडा तासभर धरून ठेवतो आणि तबलजी त्यावर कायदे, रेले, तुकडे मांडतो. इथं पेटीवाला आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत बसलेत. हे मंडळींना एकदा सांगितलं की 'तेच तेच का वाजतंय' हा प्रश्न यायचा नाही.

पण मात्रा मोजत बसू नका. लेहऱ्याला सम असते, आवर्तन ठरलेलं असतं. इथं कॉर्ड कधी बदलायची ते तो उजव्या हाताच्या वाक्यावर ठरवतो. कधी वाक्य लांबलं म्हणून डावा हात थांबून राहतो, कधी मध्येच लय सोडून देतो आणि पुन्हा पकडतो. हाताची टाळी धरणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला हरतो आणि मग 'बेताला आहे' म्हणतो. पायाचे ठोके ऐकू येतील. तेही समेवर पडतीलच असं समजू नये.

रोखठोक

एवढं सगळं ठीक, पण त्या मोडक्या पियानोची कथा आता फार झाली. 'अडचणीतून कला' या विषयावर कंपन्यांच्या शिबिरांत व्याख्यानं होतात यावर. म्हणे काळ्या पट्ट्या वाजतच नव्हत्या. मग काळी तीनवरचा दुसरा ब कुठून आला? एफ शार्प मायनरच्या सप्तकात एफ शार्प, जी शार्प, सी शार्प अशा तीन काळ्या लागतात, आणि पहिली ६ मिनिटं तो तिथून हलत नाही. पट्ट्या अडकत असतील, पण त्या रात्रभर मुक्या होत्या ही भाकडकथा.

दुसरं. छोट्या पियानोमुळे त्यानं डाव्या हाताचे आवर्ती तुकडे शोधून काढले, हेही खरं नाही. १९७३ च्या ब्रेमेन आणि लोझानच्या एकल मैफली ईसीएमनंच तीन एलपींत काढल्यात. त्यात ही सगळी पद्धत आधीच आहे: एका कॉर्डवर ठाण मांडणं, चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याच्या लयीत शिरणं, परत बाहेर येणं. कोलोनला तो ही पद्धत घेऊनच आला होता.

जवारी

रोखठोक, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्यालाही, पण अर्ध्याला. पद्धत जुनी होती, मान्य. त्या रात्री तिचं प्रमाण का वाढलं, ते वाद्याच्या पोटात बघितल्यावर कळतं.

खर्ज का नव्हता? तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण, वजन. २९० सेंटिमीटरच्या पियानोत खर्जाच्या तारेला लांबी भरपूर मिळते. छोट्या पियानोत ती मिळत नाही, मग तांब्याची जाड वेटोळी गुंडाळून वजन वाढवतात. तार आखूड आणि जाड झाली की ती ताठ होते, तिचे वरचे उपस्वर नेमक्या पटीत राहत नाहीत आणि मूळ सूर दुबळा पडतो. कान तो सूर उपस्वरांवरून जुळवून घेतो, पण अंगाला जाणवणारा घुमारा येत नाही. हे कितीही सुरात लावलं तरी सुटत नाही.

मग करायचं काय? खर्जातला एक स्वर मारून त्याच्या घुमाऱ्यावर थांबायची सोयच नसेल, तर तो पुन्हा पुन्हा मारत राहायचा. आवर्ती तुकड्यानं खर्ज भरल्यासारखा वाटतो. पेडल धड धरत नसेल तर बोट उचलताच स्वर मरतो, तिथंही हाच इलाज. आणि वरचा भाग कर्कश, म्हणून वस्ती मधल्या दोन-अडीच सप्तकांत. पहिला भाग ऐकताना उजवा हात अगदी वरच्या टोकाला किती कमी वेळा जातो, आणि गेला तरी किती लवकर खाली येतो, ते बघा.

सूरपेटी

जवारी, ऐनवेळी पियानो सुरात लावणाऱ्यांनी त्यात काय केलं असेल? तीन-चार तासांत पियानो किती सुधारतो?

जवारी

सूर सुधारतो, वाद्य सुधारत नाही.

८८ पट्ट्यांना सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन, त्याखाली दोन, अगदी खर्जात एक. सगळ्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या घरात. पियानो थोडाच उतरला असेल तर दीड-दोन तासांत लागतो. जास्त उतरला असेल तर एका फेरीत जमत नाही, कारण एका भागाचा ताण वाढवला की आतली लाकडी फळी आणि तारा टेकतात तो सेतू किंचित दबतात आणि आधी लावलेला भाग पुन्हा उतरतो. म्हणून पहिली फेरी ढोबळ, थोडी चढीच, आणि दुसरी बारीक. क्रम असा: तिहेरी तारांतल्या दोन दोन फेल्टच्या पट्टीनं मुक्या करायच्या, चिमट्यावरून (ट्यूनिंग फोर्क) पांढरी सहा लावायची, मधलं एक सप्तक बसवायचं, तिथून वर-खाली सप्तकं जुळवायची, आणि शेवटी एकेक तार मोकळी करून शेजारणीशी मिळवायची. शेवटचं काम घाईत झालं की मैफलीच्या मध्यावर तारा सुटायला लागतात आणि स्वर 'वांव वांव' करतो.

कर्कशपणा हातोडीतला. हातोडीवरचं फेल्ट वर्षानुवर्षं तारेवर आपटून दगडासारखं होतं, त्यावर तारेच्या खाचा पडतात. खाचा कागदानं घासून काढायच्या आणि खांद्याच्या भागात सुया टोचून फेल्ट मोकळं करायचं, हा इलाज. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीचा नाद खुलावा म्हणून घोडीवर जवारी काढतात त्याच तोडीचं नाजूक काम. एक घास जास्त गेला की आवाज बोदा, आणि परत यायची वाट अवघड. घाईच्या संध्याकाळी शहाणा माणूस सुईला फार हात लावत नाही. म्हणून वरचा पातळपणा शेवटपर्यंत राहिलाय, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो.

पेडलचं म्हणाल तर पायाच्या दांड्यापासून डॅम्परच्या (तार दाबून आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे) पट्टीपर्यंत मध्ये ढिलाई साठते. नट फिरवून ती काढणं दहा मिनिटांचं काम. पण डॅम्पर सगळे एकाच क्षणी उचलले जात नसतील तर एकेक सोडून बसवावा लागतो, आणि तेवढा वेळ त्या दिवशी नव्हता.

मोठा पियानो दुसरीकडून आणायचा विचार झाला होता. लावणाऱ्यानंच हाणून पाडला: पाऊस, थंडी, आणि वाहून न्यायची योग्य साधनं नाहीत, वाद्य कायमचं बिघडेल. बरोबरच बोलला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात नुसत्या दमट हवेनं फळी फुगून पियानोचा मधला भाग चढतो आणि मार्च-एप्रिलात तोच उतरतो. तिथं तर ओल्या थंडीतून उघड्यावर न्यायची गोष्ट होती.

रोखठोक

पटलं. मग असं म्हणा: पियानोनं त्याला नवं काही शिकवलं नाही, पळवाटा तेवढ्या बंद केल्या.

ख्यालिया

मला वेगळीच शंका आहे. आपल्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणणार, 'ही तर बढतच आहे, आपल्याकडे रोज होते.' बढत म्हणजे रागाचा सावकाश विस्तार. तसं आहे का? माझ्या मते नाही. ख्यालियाला रागाचा आराखडा मिळालेला असतो, बंदिश असते, वादी-संवादी, वर्ज्य स्वर, ठरलेली वळणं. रिकाम्या हातानं तो बसत नाही. जॅरेटकडे चाल नव्हती, राग नव्हता, किती वेळ वाजवायचं तेही ठरलेलं नव्हतं. उलट त्याच्याकडे एक सोय होती जी ख्यालियाला नाही: सा सोडून द्यायची. दुसऱ्या अमध्ये डी मेजरचा तुकडा संपल्यावर तो निघतो आणि कुठं पोचेल ते सांगता येत नाही.

तुलना करायचीच असेल तर बढतीशी न करता उपजेशी करावी. एक छोटं वाक्य सुचतं, ते तो लगेच तीन-चार वेळा किंचित बदलून म्हणतो, त्यातल्या शेवटच्या दोन स्वरांतून पुढचं वाक्य काढतो. पहिल्या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत हे उघड्यावर चाललेलं आहे, नवख्यालाही धरता येईल.

पांढरी_सहा

+१. आणि 'सगळं आयत्या वेळी सुचलेलं' यालाही एक अपवाद आहे, तो सांगून टाकावा. शेवटचा दुसरा क ही पुरवणी आहे, प्रेक्षकांच्या टाळ्यांनंतर वाजवलेली. ती त्याच्या आधीच्या एका रचनेवर बेतलेली आहे; 'मेमरीज ऑफ टुमॉरो' नावानं ती वाजवली जाते. म्हणूनच तिथं एकदम बांधेसूद चाल, कॉर्डचं ठरलेलं चक्र आणि गाण्यासारखा शेवट आहे. बैठकीत दमलेल्या लोकांना हाच तुकडा सगळ्यात जास्त आवडेल, पैज लावा.

सूरपेटी

पेटी वाजते, घरी कीबोर्ड आहे. त्या दोन कॉर्डचा नाद स्वतः वाजवून बघायचा तर कुठून सुरू करावं?

पांढरी_सहा

कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा असला तरी चालेल. सेटिंगमध्ये टच चालू करा, नाहीतर हळू-जोरात फरकच पडणार नाही. आवाज साध्या ग्रँड पियानोचा. ताल, ऑटो कॉर्ड सगळं बंद.

डावा हात आधी. मधल्या सीच्या खालची पांढरी सहा अंगठ्याखाली, त्याखालची पांढरी तीन दुसऱ्या बोटाखाली, आणि एक सप्तक खालची पांढरी सहा करंगळीखाली. क्रम सा प सां प, बोटं ५-२-१-२. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन स्वर. जीला जाताना हाताचा आकार तोच ठेवून आख्खा हात एक पांढरी पट्टी डावीकडे सरकवायचा, बस. आधी चार-चार ठोक्यांनी बदला, मग आठ-आठ, मग वाटेल तेव्हा. पाच मिनिटं न अडखळता झाल्याशिवाय उजवा हात मांडीवरून उचलू नका.

उजव्या हाताला सुरुवातीला पाचच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. पेटीवाल्याला लगेच धानी राग दिसेल, आणि गडबड इथंच होते. धानीच्या सवयीनं प्रत्येक वाक्य सावर येऊन बसतं. खाली जी कॉर्ड चालू असताना सा लोंबकळतो, उतरल्यासारखा वाटत नाही. जीवर असताना वाक्य म किंवा कोमल नीवर संपवा, आणि सा पुढच्या कॉर्डसाठी राखून ठेवा. एवढं केलं तरी नाद बदलतो.

पेटीवाल्यांच्या ठरावीक अडचणी अशा. एक, जोर भात्यातून द्यायची सवय, म्हणून बोटं सगळ्या स्वरांवर सारखीच पडतात. पियानोत जोर पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर. डावा हात उजव्याच्या निम्म्या आवाजात राहिला पाहिजे, आणि अंगठ्याचा सां सगळ्यात हलका. तोच नेमका सगळ्यात जोरात वाजतो, कारण अंगठा जड. मनगट किंचित करंगळीकडे कलतं ठेवा. दोन, पेटीवर दाबून ठेवलं की सूर टिकतो, इथं मरतो. म्हणून लांब स्वराची वाट न बघता तो परत मारावा लागतो किंवा बाजूच्या स्वरांनी भरावा लागतो. तीन, उजवा हात भरगच्च झाला की डावा पळायला लागतो. मेट्रोनोमचा ठोका कमी करून तो सुटत नाही. उजव्या हाताचं वाक्य अर्ध्यावर तोडून डावा एकटा आठ ठोके चालवायचा, मग पुन्हा शिरायचं.

पेडल शेवटी. पाय स्वराबरोबर दाबला तर आधीच्या कॉर्डचा कचरा आत राहतो. नवी कॉर्ड वाजते त्या क्षणी पाय वर, आणि वाजल्यावर लगेच खाली. ए मायनर आणि जी एकमेकांत मिसळले की सगळं चिखल होतं.

लेहरा

यात एक पुरवणी: मेट्रोनोमऐवजी मोबाइलवरचा तबला लावू नका. तीनताल लावलात की प्रत्येक वाक्य समेकडे ओढलं जातं, आणि मग जॅरेटचं बाजूला राहून लग्गी (ठुमरीच्या शेवटी वाजणारा द्रुत तबला) वाजायला लागते.

ख्यालिया

स्वरलिपी मिळते का याची?

पांढरी_सहा

मिळते. शॉट या जर्मन प्रकाशनानं १९९१ मध्ये अख्ख्या मैफलीची स्टाफ नोटेशन छापली. जॅरेट बरीच वर्षं तयार नव्हता. अखेर तयार झाला तो या अटीवर की वाजवणाऱ्यानं रेकॉर्डिंग हेच अंतिम प्रमाण मानायचं. अट रास्त आहे. लय मोडून वाजवलेले भाग कागदावर इतके किचकट दिसतात की वाचूनच माणूस पळून जाईल, आणि कानानं ऐकलं तर सोपं वाटतं. नोटेशन विकत घेण्याआधी दुसऱ्या कचं पान बघा, घरी बसवण्याजोगा तोच भाग आहे.

कृष्णाकाठ

रेकॉर्डिंगमध्ये मध्ये मध्ये कण्हल्यासारखा, गुणगुणल्यासारखा आवाज आहे. कुणी विचारलं तर?

रोखठोक

तो जॅरेट स्वतः. वाजवताना तो तोंडानं गातो, उठतो, बसतो, ओरडतो. तुमच्या स्पीकरचा दोष नाही. काहींना यावरूनच तो सहन होत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणाऱ्यांना बैठकीतून हाकलू नये.

रीळवाला

आवाजाच्या मांडणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मुळात रेकॉर्डिंग साधं आहे. मार्टिन वीलांड हा इंजिनिअर, न्यूमन यू ६७ जातीचे दोन व्हॉल्व्हचे माइक, आणि टेलिफंकन एम ५ हे वाहून नेता येणारं टेप मशीन. दोन माइक म्हणजे डावा-उजवा अंतर हेच त्यातलं सौंदर्य. एका ब्लूटूथ डबड्यावर लावलंत तर ते अंतर संपलं, आणि आधीच पातळ असलेला पियानो पत्र्यासारखा वाजणार. दोन स्पीकर हवेत, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, भिंतीपासून निदान दोन फूट पुढं, तोंडं किंचित आत वळवलेली. स्पीकर कोपऱ्यात ठेवून खर्ज वाढवायचा मोह होईल. करू नका, जवारींनी सांगितलेला जो खर्ज मुळात नाही, तो कोपऱ्यातून येत नाही, नुसता घुमट वाजतो. त्याच कारणानं बासचं बटण मध्यावर.

एलपी लावणार असाल तर पहिली बाजू जवळजवळ २६ मिनिटांची आहे. एवढं एका बाजूला बसवायला खाचा जवळ जवळ काढाव्या लागतात आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. म्हणून सुरुवातीच्या हळू भागात तबकडीची खरखर वर येते. तबकडी धुऊन, कोरडी करून, सुई ब्रशनं साफ करूनच लावा. प्रत्येक भागानंतर बाजू उलटायची आहे, म्हणजे तीनदा उठणं आलं. सीडी किंवा फाइल असेल तर सलग लावू नका, एलपीसारखीच विश्रांती घ्या. पहिल्या भागानंतर दहा मिनिटं तरी. सलग ६६ मिनिटं ऐकायची सवय नसलेला माणूस दुसऱ्या बच्या मध्यावर मोबाइल काढतो, आणि नेमका तोच भाग सगळ्यात दाट आहे.

आवाज किती? सर्वांत जोराच्या जागी समोरच्या रांगेत शेजाऱ्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल इतका, त्याहून जास्त नको. पंखे बंद. इन्व्हर्टरवर अँप्लिफायर चालवलात तर गुरगुर येऊ शकते, आधी एकदा लाइट घालवून बघा.

कृष्णाकाठ

छान. मग असं करतो: आधी पाच मिनिटांत पेटीवर त्या दोन कॉर्ड, आणि कोमल गचा शुद्ध ग कसा होतो ते दाखवायचं. मग पहिला भाग. चहा. मग दुसरा अ आणि ब. शेवटी क. पियानोची कथा सांगायची का नाही?

जवारी

नंतर सांगा. आधी सांगितली की लोक मोडका पियानो शोधत बसतात आणि हात ऐकायचे राहतात.

ख्यालिया

सहमत. आणि सध्या तो काय करतो असं कुणी विचारलंच, तर २०१८ मध्ये त्याला दोनदा पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. जाहीर मैफल २०१७ नंतर नाही. हेही क वाजून झाल्यावरच.

रीळवाला

शेवटचं. मोबाइलवरून लावणार असाल तर अ‍ॅपमधलं आपोआप पुढचं गाणं लावणारं बटण बंद करा, आणि फोन एअरप्लेन मोडवर. फाइल आधी डाउनलोड करून ठेवा. नाहीतर क संपून टाळ्या चालू असतानाच कुणाचा तरी फोन येतो किंवा कुठली तरी झोपेची पियानो धून सुरू होते.

कृष्णाकाठ

नोंद केली. सीडीच लावतो, कटकट नको. स्पीकर रीळवाल्यांनी आणावेत, पेटी आहे. रविवारी साडेसहा, पंखे बंद असणार, तेव्हा मागं बसणाऱ्यांनी खिडकी धरावी.